ऑफर लेटर आलं की आधी मॅपिंग विचारा: ब्रोकिंगमध्ये नवीन असाल तर पगाराचा आणि नोकरी बदलायचा हिशोब

मागच्या महिन्यात साडेतीनला मार्केट बंद झाल्यावर चहाला खाली उतरलो तर मावसबहिणीचा मुलगा येऊन थांबलेला, मोबाईलमध्ये शेअर ब्रोकर कंपन्यांची दोन ऑफर लेटरं. एक इथलंच, सांगलीत विश्रामबागला, वर्षाला ३ लाख ६० हजार, आणि दुसरं पुण्याचं, ४ लाख ८०. "मामा, पुण्याचं घेतो, महिन्याला दहा हजार जास्त आहेत." मी विचारलं मॅपिंग किती देणारेत? तर म्हणे मॅपिंग म्हणजे काय. (कंपनी तुमच्या नावाला जोडून देते ते क्लायंट, सविस्तर पुढे सांगतो.)

तेव्हा ठरवलं की हे एकदा सविस्तर लिहून टाकू, कारण दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी हेच विचारायला येतं आणि मी दरवेळी निम्मं सांगायचं विसरतो. मी २००७ ला डीलर म्हणून सुरुवात केली, मग आरएम (रिलेशनशिप मॅनेजर) झालो, मध्ये तीन कंपन्या बदलल्या, आता एपी आहे, म्हणजे ब्रोकरच्या नावाखाली स्वतःचं ऑफिस चालवतो. म्हणजे चुका करायच्या जेवढ्या जागा होत्या तेवढ्या बऱ्यापैकी करून झाल्यात.

आधी खुर्ची कुठली ते बघा

जाहिरातीत काहीही लिहिलेलं असू दे, वेल्थ मॅनेजर, इन्व्हेस्टमेंट काउन्सेलर, प्रिव्हिलेज डेस्क वगैरे, शाखेत कामं तीनच असतात. डीलर, जो टर्मिनलवर बसून क्लायंटच्या फोनवर ऑर्डर टाकतो. आरएम, जो क्लायंट सांभाळतो आणि त्याच्याकडून म्युच्युअल फंड, इन्शुरन्स, बाँड असलं थर्ड पार्टी प्रॉडक्टही करून घेतो. आणि सेल्सवाला, जो डीमॅट अकाउंट उघडत गावभर फिरतो. मुलाखतीत सरळ विचारायचं, सर माझं टार्गेट कशावर आहे, ब्रोकरेजवर (क्लायंटच्या सौद्यांवरची दलाली), अकाउंटवर की एयूएमवर (क्लायंटची एकूण गुंतवणूक)? उत्तर अकाउंट आलं तर तुम्ही सेल्सवाले, मग कार्डावर काही का छापेनात.

कार्डावरनं आठवलं, फायनान्शियल ऍडव्हायजर हा शब्द जपून वापरा. सेबीचे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचे, इन्व्हेस्टमेंट ऍडव्हायजरचे नियम २०१३ चे आहेत आणि २०२० च्या दुरुस्तीत त्यांनी स्पष्ट केलं की प्रॉडक्ट विकणाऱ्याने रजिस्ट्रेशन नसताना वेल्थ ऍडव्हायजर किंवा इंडिपेंडंट फायनान्शियल ऍडव्हायजर असं लावायचं नाही. गावात सगळे आपल्याला ऍडव्हायजरच म्हणतात ते ठीक आहे, म्हणू देत, आपण बोर्डावर लिहायचं नाही.

परीक्षांचं पटकन सांगतो. एनआयएसएमची (सेबीची परीक्षा घेणारी संस्था) सिरीज आठ एफअँडओच्या (फ्युचर्स-ऑप्शन्स) टर्मिनलवर बसायला आणि ते विकायला लागते, १०० मार्कांची, पास व्हायला ६० आणि चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात, त्यामुळे ठोकून द्यायला जाऊ नका. सिरीज पाच-ए म्युच्युअल फंडासाठी, ती सोपी आहे, ५० ला पास आणि निगेटिव्ह नाही. दोन्ही तीन वर्षं चालतात. जॉइन व्हायच्या आधी स्वतःच्या पैशाने देऊन टाका. "आम्ही करून घेऊ" म्हणणारी कंपनी नंतर फी पगारातून कापते आणि पास होईपर्यंत कन्फर्मेशन लटकवते.

एक्स म्हणजे काय

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, इथे घाई करू नका. ब्रोकिंगमध्ये पगार म्हणजे तुम्ही आणलेल्या ब्रोकरेजचा एक तुकडा. कंपनी म्हणते थ्री एक्स, फोर एक्स, फाइव्ह एक्स. म्हणजे तुमच्या महिन्याच्या सीटीसीच्या इतक्या पट ब्रोकरेज आलं पाहिजे, तेवढं आलं तर तुम्ही कंपनीला परवडता, त्याच्या वर गेलं तर इन्सेंटिव्ह सुरू.

आता भाच्याच्या दोन ऑफर घेऊ. सांगलीवाले थ्री एक्स म्हणत होते, म्हणजे ३० हजाराला ९० हजार ब्रोकरेज महिन्याला. पुण्याचे फाइव्ह एक्स, ४० हजाराला २ लाख. म्हणजे पगार दहा हजारांनी वाढला आणि टार्गेट एक लाख दहा हजारांनी. अजून एक पायरी खाली जा. डिलिव्हरीला (शेअर घेऊन ठेवायच्या सौद्याला) शेकड्याला ३० पैसे, म्हणजे ०.३० टक्का ब्रोकरेज धरलं तर ९० हजाराला ३ कोटींची उलाढाल लागते आणि २ लाखाला पावणेसात कोटींच्या आसपास. क्लायंट २० रुपये ऑर्डरच्या प्लॅनवर असतील तर सांगलीत महिन्याला ४,५०० ऑर्डरी आणि पुण्यात १०,०००. महिन्यात मार्केटचे दिवस २१ धरले तर रोज ४७६ ऑर्डरी. सव्वानऊ ते साडेतीन मध्ये ३७५ मिनिटं असतात, म्हणजे मिनिटाला एकापेक्षा जास्त. मी भाच्याला कॅल्क्युलेटर उघडून दिला आणि त्यालाच करायला लावलं, चहा गार झाला त्याचा.

म्हणून तुमचा पहिला प्रश्न मॅपिंगचा. मॅपिंग म्हणजे बॅक ऑफिसमध्ये जे क्लायंट कोड तुमच्या नावाला जोडलेत ते, त्यांचं ब्रोकरेज तुमच्या खात्यात धरतात. गेलेल्या डीलरचे क्लायंट नव्याला मॅप करतात, चांगले चांगले ब्रँच मॅनेजर स्वतःकडे किंवा लाडक्याकडे ठेवतो आणि उरलेले नव्याच्या पदरात. "तीनशे क्लायंट देतो" ऐकून खूश व्हायचं नाही. त्यातल्या किती जणांनी मागच्या सहा महिन्यांत एक तरी ट्रेड केला आणि त्यांचं मिळून महिन्याचं ब्रोकरेज किती होतं, हे दोन आकडे मेलवर मागायचे. तोंडी आकडा धरायचा नाही. आणि हेही विचारा की एमटीएफचं (ब्रोकरच्या उधारीवर शेअर घेण्याची सोय) व्याज, थर्ड पार्टीची कमाई टार्गेटमध्ये धरतात का, काही ठिकाणी धरतात, काही ठिकाणी नाही, आणि तेवढ्यावर एखाद्याचं अख्खं वर्ष इकडचं तिकडे होतं.

आता तुम्ही म्हणाल २०१० ला झिरोधा (कमी दरातली ऑनलाइन ब्रोकर कंपनी) आली, २०१५ च्या शेवटाला त्यांनी डिलिव्हरीचं ब्रोकरेज शून्य केलं, मग ३० पैसे देतंय कोण? देतात. तासगावचा द्राक्षवाला बागेत उभा असतो, हाताला औषध लागलेलं असतं, त्याला ऍप उघडायचं नसतं, त्याला "अरे ते घे दोनशे" एवढंच म्हणायचं असतं आणि पलीकडे ओळखीचा आवाज पाहिजे असतो. निवृत्त मास्तरांना तर ऑर्डरपेक्षा गप्पाच जास्त. हे लोक फोन उचलण्याचे पैसे देतात. पण ते कमी होत चाललेत, त्यांची पोरं ऍपवर आहेत, हे डोक्यात ठेवून पुढच्या दहा वर्षांचा विचार करा.

टार्गेट तुमच्याकडून काय करून घेतं

हे कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. महिन्याची २७ तारीख, नंबरला, म्हणजे टार्गेटला, २५ हजार कमी, मॅनेजर खुर्चीमागे उभा. अशा वेळी माणूस काय करतो, तर ज्या क्लायंटला कमी कळतं त्याला फोन लावतो. एका मास्तरांचे ४ लाखांचे शेअर्स होते, मी त्यांना हे विका ते घ्या करत राहिलो. चारचे विकले, चारचे घेतले, उलाढाल ८ लाख, ब्रोकरेज २,४००. असं महिन्यात चारदा केलं की ९,६००. हेच वर्षभर चालू ठेवलं तर १ लाख १५ हजार, म्हणजे त्यांच्या भांडवलाच्या चवथ्या हिश्शाहून जास्त नुसत्या ब्रोकरेजमध्ये, वर एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) वेगळा. मी तीन महिने केलं, मग त्यांनीच एक दिवस वहीत लिहून आणलेला हिशोब माझ्यापुढे ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, काही बोललेच नाहीत. याला धंद्यात चर्निंग म्हणतात.

एफअँडओचं तर बोलायलाच नको. सेबीने सप्टेंबर २०२४ ला आकडे काढले, तीन वर्षांत एफअँडओ करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. पण डीलरचा नंबर एफअँडओवरच पटकन होतो. म्हणून ऑफर बघताना मी पगाराच्या आधी एक्स बघतो. फाइव्ह एक्सवर, अर्धमेल्या मॅपिंगवर बसलेला सज्जन माणूस सहा महिन्यांत काय करायला लागतो ते मी पाहिलंय आणि केलंयही.

ऑफर लेटरमध्ये काय वाचायचं

फिक्स किती आणि व्हेरिएबल किती, हे वेगळं करून घ्या. ४ लाख ८० मध्ये ८० हजार व्हेरिएबल असतील तर तुमची ऑफर ४ लाखांची आहे असंच समजा, उरलेले मिळाले तर दिवाळी. इन्सेंटिव्ह महिन्याला की तिमाहीला, आणि एका महिन्याची कसर पुढच्या महिन्यातून वळती करतात का, हे विचारा, वळती करत असतील तर एक वाईट महिना तीन महिने खातो. पेमेंटच्या दिवशी नोकरीत असणं बंधनकारक आहे का तेही बघा, बहुतेक ठिकाणी असतं.

जॉइनिंग बोनस फुकट नसतो. वर्षाच्या किंवा दोन वर्षांच्या आत सोडलं तर परत द्यायचा असतो, आणि तुमच्या हातात टॅक्स कापून आलेला असला तरी काही कंपन्या पूर्ण रक्कम मागतात. नोटीस पिरियड एक महिना की तीन, बायआउट (नोटीसऐवजी पैसे भरून सुटणं) चालतं का, चाललं तर बेसिकवर की ग्रॉसवर. पेट्रोलचे पैसे बिलावर की फिक्स, कारण मिरज-कुपवाड-तासगाव फिरलात तर हीच रक्कम पगाराएवढी लागते!

आणि एक क्लॉज असतो की सोडल्यावर इतके महिने प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही. याला पोरं फार घाबरतात. १८७२ च्या आपल्या करार कायद्याचं कलम २७ असं आहे की धंदा-नोकरी करायला अडवणारा करार रद्दबातल, त्यामुळे नोकरी सोडल्यानंतरची असली बंदी कोर्टात सहसा टिकत नाही. पण म्हणून मोकाट सुटू नका, डेटाची गोष्ट पूर्ण वेगळी आहे, ती पुढे सांगतो.

बदलायची वेळ

माझा अंदाज असा की पहिल्या ठिकाणी दोन वर्षं काढावीत. वर्षाच्या आत उडी मारली तर पुढचा माणूस एकच विचारतो, नंबर झाला नाही ना? दोन वर्षं झाली की तुमच्याकडे दाखवायला काहीतरी असतं: दर महिन्याचं ब्रोकरेज, ऍक्टिव्ह क्लायंट, एसआयपीचं बुक. हे आकडे तुमच्या स्वतःच्या इन्सेंटिव्ह स्लिपांमधून काढा, त्या दर महिन्याला जपून ठेवा. मुलाखतीत "माझं सरासरी ब्रोकरेज सव्वा लाख आहे" हे एक वाक्य बाकी सगळ्या सीव्हीपेक्षा जड पडतं, पण फुगवून सांगू नका, कारण नवीन टार्गेट त्याच आकड्यावर लावतात आणि मग स्वतःच खणलेल्या खड्ड्यात बसायचं.

राजीनामा तिमाहीचा इन्सेंटिव्ह खात्यात पडल्यावर. मेलवर द्यायचा, फोनवर नाही. शेवटच्या दिवशी टर्मिनल आयडी बंद झाल्याचं लेखी घ्या, हे नवीन पोरं हमखास विसरतात, तुमच्या नावाच्या आयडीवरनं नंतर कोणी ऑर्डर टाकली तर उत्तर देत बसायचं तुम्हाला. रिलीव्हिंग लेटर मागून घ्या, आणि लॅपटॉप, सिम परत देताना पोच घ्या. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) ट्रान्सफर करा, पाच वर्षं सलग व्हायच्या आत काढला तर टॅक्स लागतो. पगार मोठा असेल, म्हणजे १२ लाखांच्या पुढे, आणि वर्षाच्या मध्ये बदलत असाल तर आधीच्या कंपनीतला पगार आणि कापलेला टॅक्स नव्या एचआरला कळवा, नाहीतर दोघंही तुम्हाला सगळ्या सवलती देऊन कमी टॅक्स कापतात आणि जुलैमध्ये रिटर्न भरताना एकदम बिल येतं.

क्लायंट कोणाचा

पहिल्यांदा कंपनी बदलली तेव्हा माझ्याकडे १४० क्लायंट होते. मला वाटलं निदान शंभर येतील, सगळे म्हणायचे "तू जिथं तिथं आम्ही". आले अकरा. नवं केवायसी, नवा डीमॅट, शेअर्स ट्रान्सफर करायचे, सह्या, ओटीपी, कोणाला एवढा उपद्व्याप पाहिजे हो. नव्या मॅनेजरला मी साठ सांगितले होते, तिथून पुढचे सहा महिने कसे गेले असतील ते तुम्हीच समजा. तेव्हापासून मी पोरांना सांगतो, शंभरातले दहा येतील असं धरून ऑफर घ्या, जास्त आले तर बोनस.

आमच्या शेजारच्या टेबलावरच्याने तर वेगळंच केलं. जायच्या आदल्या रात्री अख्खी क्लायंट लिस्ट, नंबर, होल्डिंग सगळं स्वतःच्या जीमेलवर पाठवलं. सर्व्हरवर दिसलं, वकिलाची नोटीस आली, फुल अँड फायनल (शेवटचा हिशोब) अडकला आणि नव्या कंपनीनेही हात वर केले. कलम २७ इथे वाचवत नाही, हा विश्वासभंग आणि डेटाचोरी. डोक्यात आहे ते तुमचं, फाइलमध्ये आहे ते कंपनीचं, एवढं धरून चाला. क्लायंटने स्वतःहून फोन केला तर कुठे गेलात ते सांगायला हरकत नाही, पण नोटीस पिरियडमध्ये कंपनीच्या रेकॉर्डेड लाइनवरून "तिकडे या" म्हणणारे शहाणेही मी पाहिलेत.

अमेरिकेत याला एक व्यवस्था केलीय ती मला आवडते. २००४ ला मेरिल लिंच, स्मिथ बार्नी आणि यूबीएस या ब्रोकर कंपन्यांनी आपसात प्रोटोकॉल, म्हणजे समझोता केला, सोडणाऱ्या ब्रोकरने क्लायंटचं नाव, पत्ता, फोन, ईमेल आणि खात्याचं नाव एवढ्या पाच गोष्टी न्यायच्या, बाकी काही नाही, मग कोणी कोणावर केस करायची नाही. पुढे शेकडो फर्म त्यात आल्या, २०१७ ला मॉर्गन स्टॅन्ले आणि यूबीएस बाहेरही पडल्या. तिकडे मोठ्या ब्रोकरला मागच्या बारा महिन्यांच्या कमाईवर घसघशीत रक्कम देऊन ओढतात, कागदावर ते कर्ज असतं आणि राहिलात तसं वर्षावर्षाने माफ होत जातं. तुमचा कोणी भाऊबंद न्यू जर्सीत या धंद्यात असेल तर त्याचे आकडे ऐकून इथल्या मॅनेजरशी भांडू नका.

म्युच्युअल फंडात आणखी एक बारीक गोष्ट. नोकरीत असताना फॉर्मवर एआरएन (वितरकाचा नोंदणी नंबर) कंपनीचा असतो आणि ईयूआयएन (विकणाऱ्या माणसाचा नंबर) तुमचा. ईयूआयएन तुमच्याबरोबर येतो, पण ट्रेल (पैसे गुंतलेले असेपर्यंत मिळत राहणारं कमिशन) एआरएनला जातं, म्हणजे तुम्ही पाच वर्षं गोळा केलेल्या एसआयपींचं कमिशन मागच्या कंपनीलाच मिळत राहतं.

स्वतःचं दुकान: एपी की एमएफडी (म्युच्युअल फंड वितरक)

पूर्वी सबब्रोकर होते, सेबीने २०१८ मध्ये तो प्रकारच बंद केला आणि मार्च २०१९ पर्यंत सगळ्यांना एपी, म्हणजे ऑथोराइज्ड पर्सन व्हायला लावलं. एपी म्हणजे ब्रोकरचा माणूस, ऑफिस तुमचं, क्लायंट तुम्ही आणायचे, ब्रोकरेज वाटून घ्यायचं. साठ-चाळीस शेअरिंग धरू. महिन्याला २ लाख ब्रोकरेज आलं तर तुमचे १ लाख २० हजार. त्यातून गाळ्याचं भाडं, एक डीलर, लाइट, इंटरनेट, चहापाणी. हातात पन्नास राहिले तरी नोकरीपेक्षा बरं वाटतं, पण सुट्टी घेतली की तेही नाही.

शेअरिंगच्या टक्क्यावर भांडण्यापेक्षा ऍग्रीमेंटमधला डेबिटचा, म्हणजे क्लायंटकडे थकलेल्या पैशांचा, क्लॉज वाचा. क्लायंटने पैसे बुडवले तर ते बहुतेक ठिकाणी एपीच्या कमिशनमधून आणि डिपॉझिटमधून वसूल होतात. मी डीलर असताना २१ जानेवारी २००८ ला मार्केट कोसळलं आणि २२ ला सकाळी लोअर सर्किट (घसरणीची ठरलेली मर्यादा) लागून तासभर बंदच पडलं. आमचे तेव्हाचे मालक त्या तासात फक्त डेबिटची यादी बघत बसले होते, पंख्याचा आवाज तेवढा. नंतर त्यांनी प्लॉट विकून ती भरली. तेव्हापासून मी उधारीवर पोझिशन देत नाही, पाहुणा असला तरी.

दोन-तीन नियम डोक्यात पक्के ठेवा. एका एक्स्चेंजवर एकाच ब्रोकरचं एपी होता येतं. क्लायंटचे पैसे स्वतःच्या खात्यात किंवा रोख घ्यायचे नाहीत, चेक असो की यूपीआय, सगळं ब्रोकरच्या नावाने. महिन्याला इतके टक्के नक्की देतो असं कुणाला म्हणायचं नाही, सांगली-कोल्हापूरकडे अशांची काय गत झाली ते वेगळं सांगायला नको. क्लायंटने सांगितल्याचा पुरावा नसताना ऑर्डर टाकायची नाही, रेकॉर्डिंग, मेल, मेसेज काहीतरी पाहिजेच. आणि कमाई एका नियमावर अवलंबून ठेवू नका. १ ऑक्टोबर २०२४ पासून एक्स्चेंजचे चार्जेस सगळ्यांना एकसारखे झाले, मोठ्या ब्रोकरला उलाढालीवर मिळणारी सूट गेली, पाठोपाठ नोव्हेंबरात वीकली एक्सपायरी (दर आठवड्याला संपणारे सौदे) एक्स्चेंजला एकाच निर्देशांकावर आल्या, आणि ऑप्शनवर जगणारी बरीच ऑफिसं दोन महिन्यांत शांत झाली.

एमएफडीचं गणित उलटं आहे. १ ऑगस्ट २००९ ला एंट्री लोड (गुंतवतानाच कापली जाणारी रक्कम) गेला, ऑक्टोबर २०१८ ला अपफ्रंट (सुरुवातीलाच एकरकमी मिळणारं) कमिशनही गेलं, आता मुख्यतः ट्रेल. शंभर लोकांच्या पाच-पाच हजारांच्या एसआयपी लावल्या तर वर्षअखेर ६० लाख जमतात, त्यावर ०.८ टक्का धरला तर वर्षाचे ४८ हजार, म्हणजे महिन्याला चार हजार. हसू येतं. पण त्याच शंभर एसआयपी पाच वर्षं टिकल्या तर नुसते भरलेले पैसेच ३ कोटी, आणि महिन्याला वीस हजार, तेही मार्केट वाढलं नाही असं धरून. म्हणून मी सांगतो, नोकरी चालू असताना दोन-तीन वर्षांचा घरखर्च बाजूला काढा आणि मगच या वाटेला जा. नोकरीत असतानाच बायकोच्या नावाने एआरएन काढून कंपनीचे क्लायंट तिकडे वळवणारे असतात, त्यांचं पुढे काय होतं ते जीमेलवाल्याला विचारा.

फी घेऊन सल्ला द्यायचा असेल तर सेबीचं रजिस्ट्रेशन काढा, डिसेंबर २०२४ पासून त्यासाठी पदवी पुरते, आधी पोस्ट ग्रॅज्युएशन लागायचं. फिक्स फी घेतली तर एका कुटुंबाला वर्षाला १ लाख ५१ हजारांची मर्यादा आहे. आमच्याकडे मात्र अजून "नुसतं बोलायचे पैसे कसले?" असं विचारतात, त्यामुळे पुण्या-मुंबईत जमतं तसं तालुक्याला जमेल असं धरू नका.

भाच्याने त्या रात्रीच पुण्याच्या एचआरला मेल टाकला, तीनशे मॅप्ड क्लायंटपैकी मागच्या सहा महिन्यांत ट्रेड केलेले किती. पाच दिवसांनी उत्तर आलं, ३८. सांगलीवाल्यांनी ९० दिलेत, त्यातले ६२ चालू. विश्रामबागला सोमवारी जॉइन होतोय, आणि सिरीज आठची परीक्षा नेमकी त्याच दिवशी लागलीय, ती तारीख बदलून घ्यायला आत्ता माझ्या शेजारी बसलाय.